प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर हवं असतं का?

(जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



आजचा विषय तुम्हाला जरा हलकाफुलका वाटेल. निदान सुरुवातीला तरी. कोणताही व्यवसाय घ्या, त्या माणसाला काही ठरावीक प्रश्न जन्मभर पुरतात. वकील लग्नाला गेला की कोणीतरी त्याला कोपऱ्यात गाठून बांधाच्या भांडणाबद्दल विचारतं. कॉम्प्युटरमधला मुलगा दिवाळीला घरी आला की काकांचा मोबाईल त्याच्या हातात येतो. शाळेतल्या शिक्षकाला ‘तुमचं बाबा बरं आहे, सुट्ट्याच सुट्ट्या’ हे ऐकावंच लागतं. मी तत्त्वज्ञान शिकवलं, पस्तीस वर्षं. माझ्या वाट्याला आलेल्या प्रश्नांची यादी आधी तुमच्यासमोर ठेवतो.

एक : फिलॉसॉफी शिकून पुढे करायचं काय?
दोन : तुम्ही देव मानता का?
तीन : तुम्ही डॉक्टर म्हणजे, खरे डॉक्टर नाही ना?
चार : फिलॉसॉफीचे प्रोफेसर असून तुम्हाला राग कसा येतो?
आणि पाचवा, जो फक्त माझ्या व्यवसायाचा नाही, आपल्या सगळ्यांचाच आहे : आडनाव काय म्हणालात?

पहिल्या चारांवर हसता येतं. पाचव्यावर हसता येत नाही. का येत नाही, ते समजून घ्यायचं तर आधीचे चार नीट पाहावे लागतात. म्हणून आज हा क्रम.

प्रश्नाचा कंटाळा का येतो?

पहिलं उत्तर सगळ्यांना सुचतं ते असं की तोच तोच प्रश्न ऐकून कंटाळा येतो. हे मला पटत नाही. दरवर्षी जूनमध्ये नवी मुलं वर्गात यायची आणि त्यांतलं एखादं तरी विचारायचंच, ‘सर, आत्ता आपण स्वप्नात नाही हे कशावरून?’ पस्तीस वर्षांत हा प्रश्न मी पस्तीसपेक्षा जास्त वेळा ऐकला. मला कधी कंटाळा आला नाही. कारण विचारणारा खरोखर अडलेला असायचा. त्याच्या चेहऱ्यावर ते दिसायचं. म्हणजे पुनरावृत्ती हे काही कारण नव्हे.

कारण शोधायला आपल्याकडे एक चांगलं साधन आहे. अक्षपाद गौतमांच्या नावानं जी न्यायसूत्रं ओळखली जातात, त्यांच्या पहिल्याच सूत्रात सोळा पदार्थांची यादी येते. प्रमाण, प्रमेय, आणि त्यांच्या पाठोपाठ तिसरा संशय, चौथा प्रयोजन. संशयाला इतक्या वर जागा का दिली असेल? भाष्यकार वात्स्यायन त्याचं कारण देतात. जी गोष्ट अजिबात ठाऊकच नाही तिच्याबद्दल विचार सुरू होत नाही. जिचा निर्णय होऊन गेला आहे तिच्याबद्दलही होत नाही. थोडं कळलंय, थोडं कळलेलं नाही, मन दोन्हीकडे झुलतंय, अशा ठिकाणीच विचाराला काम असतं.

आता ही कसोटी आपल्या प्रश्नांना लावून पाहा. ‘फिलॉसॉफी शिकून करायचं काय?’ असं जो लग्नाच्या पंगतीत विचारतो, त्याला संशय आहे का? नाही. काहीच करता येत नाही, हा निर्णय त्याच्याकडे तयार आहे. त्याला फक्त माझी सही हवी आहे. वाक्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह आहे, पण आत संशय नाही. कंटाळा येतो तो याचा. पोस्टातल्या खणांसारखे खण आधीच केलेले असतात आणि आपल्याला फक्त एका खणात टाकायचं असतं.

म्हणून कोणताही प्रश्न आला की दोन गोष्टी पाहाव्यात. विचारणाऱ्याला संशय आहे का? आणि त्याचं प्रयोजन काय आहे? शब्द तेच असतील. पण एका तोंडी तो प्रश्न जिवंत असतो आणि दुसऱ्या तोंडी मेलेला असतो.

उत्तर देण्याच्या चार रीती

इथपर्यंत आपण विचारणाऱ्याला तपासलं. ते सोपं असतं. दुसऱ्याला तपासायला सगळ्यांनाच आवडतं. पण पाली वाङ्मयात, अंगुत्तरनिकायात, बुद्धांनी या गोष्टीकडे उलट्या बाजूनं पाहिलेलं आहे. ते म्हणतात, प्रश्न चार प्रकारचे असतात. काहींचं उत्तर सरळ द्यायचं असतं. काहींचं फोड करून, विभागून द्यायचं असतं. काहींना आधी उलट प्रश्न विचारावा लागतो. आणि काही बाजूला ठेवायचे असतात. एकंस, विभज्ज, पटिपुच्छा आणि ठपनीय अशी त्यांची पाली नावं आहेत. ठपनीय म्हणजे ठेवून द्यायचा. आपला ‘ठेवणे’ याच घराण्यातला.

आणि पुढची गोष्ट महत्त्वाची. एखादा माणूस चर्चेला लायक आहे की नाही हे यावरून ओळखावं, असं ते सांगतात. सरळ उत्तराच्या प्रश्नाला जो सरळ उत्तर देत नाही, फोड करायच्या प्रश्नाची फोड करत नाही, तो चर्चेला लायक नाही. म्हणजे परीक्षा कोणाची झाली? उत्तर देणाऱ्याची. माझ्यासारख्या, प्रश्नांना कंटाळलेल्या माणसाची. तेव्हा आता आपण एकेक प्रश्न घेऊन कोणता कुठे बसतो ते पाहू.

सरळ उत्तर

‘तुम्ही खरे डॉक्टर नाही ना?’ हा सर्वात सोपा. आमच्या सोसायटीत खाली पाट्या आहेत आणि माझ्या नावामागे ‘डॉ.’ आहे. एकदा रात्री दीडच्या सुमाराला वॉचमननं बेल वाजवली. वरच्या मजल्यावरच्या आजोबांच्या छातीत दुखत होतं. ‘तुम्ही डॉक्टर ना?’ अशा वेळी उत्तर एकच : ‘नाही, औषधाचा डॉक्टर नाही. १०८ला फोन लावा, मी खाली गेट उघडून ठेवतो.’

मूळ लॅटिन शब्दात डॉक्टर म्हणजे शिकवणारा, हे खरं आहे. रसायनशास्त्रात संशोधन केलेल्या माणसालाही पदवी मिळते ती डॉक्टर ऑफ फिलॉसॉफी अशीच, हीसुद्धा गंमत आहे. पण ही गंमत रात्री दीड वाजता सांगायची नसते. त्या प्रश्नात संशय खरा होता आणि प्रयोजन तर जीव वाचवण्याचं होतं. आम्हा शिकलेल्या लोकांची खोड अशी की सरळ प्रश्नालाही आम्ही फाटे फोडतो आणि मग लोक म्हणतात, ‘फिलॉसॉफी झाडू नका.’ मराठीत या विषयाला ‘झाडणे’ हे क्रियापद लागलं, ते काही उगीच नाही.

फोड करून उत्तर

‘तुम्ही देव मानता का?’ याचं हो किंवा नाही असं उत्तर लोकांना हवं असतं. पण इथे फोड केल्याशिवाय खरं उत्तर देताच येत नाही.

आधी ‘देव’ घ्या. जग निर्माण करणारा कर्ता म्हणून ईश्वर आहे, हे सिद्ध करण्यासाठी नैयायिक उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’ हा अख्खा ग्रंथ लिहिला. उलट मीमांसक पाहा. वेद प्रमाण, यज्ञ हवेत, पण जग निर्माण करणारा ईश्वर मात्र त्यांना नको. कुमारिल भट्टांनी त्याविरुद्ध युक्तिवाद केलेले आहेत. ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेत जगाची सगळी मांडणी प्रकृती आणि पुरुष या दोघांवर होते, ईश्वराची गरज पडत नाही. जैन परंपरेत तीर्थंकरांची पूजा आहे, पण जगाचा निर्माता नाही. आणि गंमत म्हणजे मीमांसक आणि सांख्य दोघेही ‘आस्तिक’ दर्शनांत मोडतात, कारण दर्शनांच्या भाषेत आस्तिक म्हणजे वेदांचं प्रामाण्य मानणारा. आजच्या मराठीत आपण आस्तिक म्हणजे देव मानणारा असं म्हणतो. म्हणजे एकच शब्द, दोन अर्थ, आणि आपण त्यावरून भांडतो.

आता ‘मानणे’ घ्या. आपल्या मराठीत हा फार सुंदर शब्द आहे. ‘मी माझ्या आईला फार मानतो’ असं कोणी म्हणालं, तर त्याचा अर्थ आई अस्तित्वात आहे असं माझं मत आहे, असा होतो का? नाही. तिचा शब्द माझ्यासाठी मोठा आहे, असा होतो. आता आषाढीला पंढरपूरला चालत निघालेल्या बाईला विचारा, ‘तुम्ही देव मानता का?’ ती हो म्हणेल. पण तिचं ‘मानणं’ उदयनाचार्यांच्या सिद्धतेवर उभं नाही. ती सिद्धता उद्या कोणी खोडून काढली म्हणून तिची वारी चुकणार नाही. मग कोणत्या देवाबद्दल विचारताय, आणि कोणत्या मानण्याबद्दल?

एवढं सांगितलं की समोरचा म्हणतो, ‘ते ठीक आहे हो, पण हो की नाही?’ इथे मला मेनेदेमस नावाच्या ग्रीक तत्त्वज्ञाची आठवण येते. डायोजेनीस लाएर्तिअसनं तत्त्वज्ञांची चरित्रं लिहिली, त्यात ही हकीकत आहे. एकानं मेनेदेमसला विचारलं, ‘तू वडिलांना मारायचं थांबवलंस का?’ हो म्हटलं तर आधी मारत होता. नाही म्हटलं तर अजून मारतो. मेनेदेमस म्हणाला, मी मारतही नव्हतो आणि थांबवलंही नाही. समोरचा हट्टाला पेटला, हो किंवा नाही एवढंच बोल. त्यावर मेनेदेमसच्या बोलण्याचा आशय असा, की तुला दारातच अडवता येत असताना मी तुझे नियम का पाळू?

हे लक्षात ठेवा. प्रश्नाच्या पोटात एखादं विधान लपलेलं असू शकतं. उत्तर देण्याआधी ते बाहेर काढून दाखवणं हा आपला हक्क आहे. देवाच्या प्रश्नात तर अनेकदा आणखी एक विधान लपलेलं असतं : तू आमच्यातला की त्यांच्यातला? आणि तसं असलं की प्रश्न देवाचा राहतच नाही.

उलट प्रश्न

आता ‘उपयोग काय?’ हा प्रश्न. हा आमच्या विषयाइतकाच जुना आहे. ज्याला पाश्चात्त्य परंपरेतला पहिला तत्त्वज्ञ म्हणतात त्या थेलीसलाही तो चुकला नाही. अ‍ॅरिस्टॉटलनं ‘पॉलिटिक्स’मध्ये ती गोष्ट दिली आहे. थेलीस गरीब होता, म्हणून लोक त्याला टोमणे मारत, की बघा, तत्त्वज्ञान काही कामाचं नाही. थेलीसनं ताऱ्यांच्या अभ्यासावरून ओळखलं, की पुढच्या हंगामात ऑलिव्हचं पीक जोरात येणार. ऐन हिवाळ्यात, कोणी विचारत नव्हतं तेव्हा, त्यानं थोडासा इसार देऊन मिलेटस आणि किऑसमधले सगळे तेलाचे घाणे अडकवून ठेवले. हंगाम आला, एकदम मागणी झाली, आणि त्यानं मागेल त्या भावानं घाणे भाड्यानं दिले.

ही गोष्ट आमचे लोक फार अभिमानानं सांगतात. मला तिच्यात एक अडचण दिसते. थेलीसनं टोमणा परतवला खरा, पण टोमणा मारणाऱ्याचाच तराजू वापरून. तत्त्वज्ञ मनात आणलं तर श्रीमंत होऊ शकतो, एवढंच त्यातून सिद्ध झालं. तत्त्वज्ञानाची किंमत पैशात मोजायची का, हा प्रश्न तसाच राहिला. अ‍ॅरिस्टॉटललाही हे कळत होतं. तो म्हणतोच, की तत्त्वज्ञांना श्रीमंत होणं अवघड नाही, पण त्यांची आस्था त्या गोष्टीत नसते.

आपल्याकडचं उदाहरण मला जास्त आवडतं. खानदेशात अमळनेरला १९१६ साली तत्त्वज्ञानाच्या अभ्यासासाठी एक स्वतंत्र संस्था उभी राहिली. तिला पैसा कोणी दिला? गिरणीमालक श्रीमंत प्रताप शेठ यांनी. जो माणूस दिवसभर नफा-तोटा पाहतो, त्याला ‘उपयोग काय?’ हा प्रश्न सुचला नसेल का? सुचलाच असेल. पण उपयोग या शब्दाचा त्याचा अर्थ पंगतीतल्या माणसापेक्षा मोठा असणार. साने गुरुजी शिक्षक होण्याआधी याच संस्थेत तत्त्वज्ञान शिकायला आले होते. त्यांच्या पुढच्या आयुष्यात त्या शिक्षणाचा वाटा रुपयात कसा मोजणार?

म्हणून इथे उलट विचारायचं असतं : उपयोग म्हणजे कोणाला, कशासाठी? पण सावध राहा. उलट प्रश्न समोरच्याला गप्प करायला विचारायचा नसतो. त्याच्या मनातला खरा प्रश्न बाहेर यावा म्हणून विचारायचा असतो.

एक अनुभव सांगतो. प्रवेशाच्या दिवसांत एक गृहस्थ मुलीला घेऊन विभागात आले. कोरडवाहू शेती, गाव लांबचं. मुलीला तत्त्वज्ञान स्पेशल घ्यायचं होतं. त्यांनी तोच प्रश्न विचारला, ‘सर, यात पुढं काय हाय?’ शब्द पंगतीतल्या माणसाचेच. मी विचारलं, ‘तुम्हाला नेमकी काळजी कशाची वाटते?’ ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, ‘तीन वर्षं मी कशीबी काढीन. पण तीन वर्षांनी ही पायावर उभी नसली, तर भावकी मला थांबू देणार नाही. हिचं लग्न लावतील.’

आता सांगा, हा कंटाळवाणा प्रश्न होता का? त्यात संशय होता, प्रयोजन होतं, आणि मुलीचं आयुष्य होतं. अशा माणसापुढे मी थेलीसची गोष्ट सांगितली असती तर तो निव्वळ उर्मटपणा झाला असता. मग मी सरळ सांगितलं. आमच्या विषयात नोकऱ्या थोड्या आहेत. कॉलेजातून माणूस निवृत्त झाला की जागा वर्षानुवर्षं भरली जात नाही. कायद्याला, स्पर्धा परीक्षांना, पत्रकारितेला या विषयाची मदत होते, पण खात्री कोणी देऊ शकत नाही. बापलेकीनं बाहेर बाकावर बसून बोलणं केलं. मुलीनं स्पेशल अर्थशास्त्र घेतलं आणि तत्त्वज्ञान जनरलला ठेवलं. निर्णय योग्य होता. माझ्या विभागाची एक विद्यार्थिनी कमी झाली, पण त्या प्रश्नाचं उत्तर तेच होतं.

रागाचा प्रश्नही इथेच उरकून टाकतो. ‘फिलॉसॉफीचे प्रोफेसर असून राग?’ त्यावर माझा उलट प्रश्न असतो, ‘कशावर यायला नको होता?’ अ‍ॅरिस्टॉटलच्या नीतिशास्त्रात राग मुळातच वाईट नाही. योग्य माणसावर, योग्य कारणानं, योग्य वेळी, योग्य तेवढा येणारा राग त्याला मान्य आहे. ज्याचा राग यायला हवा त्याचाही न येणं, हा त्याच्या दृष्टीनं दोष आहे. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण आता येणाऱ्या प्रश्नाचा राग यायला हवा.

बाजूला ठेवायचा प्रश्न

‘आडनाव काय म्हणालात?’

ज्यांचं आडनाव गावावरून पडलेलं असतं, ‘कर’ लागलेलं, त्यांना माझं म्हणणं लगेच कळेल. ‘कर’ अनेक जातींत असतात. त्यामुळे नुसत्या आडनावानं विचारणाऱ्याचं काम होत नाही आणि प्रश्नांची मालिका सुरू होते. ‘मूळचे कुठले? तिथे अमुक आळीतले का? तुमचं कुलदैवत कोणतं?’ हा सगळा प्रवास कुठल्या स्टेशनला निघालाय ते दोघांनाही माहीत असतं.

शहरात खोली शोधणाऱ्या विद्यार्थ्यांकडून मी हे वर्षानुवर्षं ऐकत आलो. घरमालक नाव विचारतो. मग आडनाव. मग गाव. मग ‘जेवणाखाण्यात काय चालतं?’ चार प्रश्न होतात आणि त्यांत भाड्याचा एकही नसतो. शेवटी उत्तर मिळतं, ‘कालच एकाला शब्द दिलाय.’

पालीतली एक गोष्ट तुम्ही ऐकली असेल. मालुंक्यपुत्त नावाचा भिक्षू बुद्धांना म्हणतो, जग शाश्वत आहे की नाही, ते अनंत आहे की नाही, हे सांगा, नाहीतर मी संघ सोडतो. बुद्ध त्याला विषारी बाण लागलेल्या माणसाचा दृष्टांत देतात. तो माणूस म्हणतो, बाण कोणी मारला ते कळल्याशिवाय मी तो काढू देणार नाही. आणि तो मरून जातो. हा दृष्टांत आपण सहसा अध्यात्मातल्या निरुत्तर प्रश्नांसाठी सांगतो. पण तो जखमी माणूस नेमकं काय काय विचारतो, ते एकदा पाहा. बाण मारणारा क्षत्रिय की ब्राह्मण की वैश्य की शूद्र? त्याचं नाव काय, गोत्र काय? उंच की बुटका? काळा की गोरा? कोणत्या गावचा? मंडळी, ही तर आपल्या घरमालकाची यादी आहे! अडीच हजार वर्षांत प्रश्नपत्रिका बदललेली नाही.

सुत्तनिपातात सुंदरिक भारद्वाज नावाचा ब्राह्मण यज्ञातला उरलेला भाग कोणाला द्यावा म्हणून शोधत येतो आणि बुद्धांना त्यांची जात विचारतो. उत्तराचा आशय असा, की जन्म विचारू नकोस, आचरण विचार. प्रश्न बाजूला ठेवला आणि त्याच्या जागी चांगला प्रश्न दिला.

याच्या शेजारी छांदोग्य उपनिषदातली सत्यकाम जाबालाची गोष्ट ठेवून पाहा. गुरू विचारतात, तुझं गोत्र कोणतं? मुलगा आईकडून आलेलं खरं उत्तर जसंच्या तसं सांगतो, की आईलाही माहीत नाही. गुरू त्याला स्वीकारतात. गोष्ट सुंदर आहे, मुलाचं धैर्य मोठं आहे. पण स्वीकारताना गुरू काय म्हणतात? असं खरं बोलणं ब्राह्मणाशिवाय कोणाला जमणार नाही, अशा अर्थाचं. म्हणजे प्रश्न बाजूला ठेवलेला नाही. खण तोच राहिला, फक्त मुलगा त्यात बसवून घेतला. एका ठिकाणी दार उघडलं, दुसऱ्या ठिकाणी भिंतच काढली. या दोन गोष्टींत फरक आहे आणि तो आपल्याला दिसला पाहिजे.

आता यात पणाला काय लागतं ते सांगतो. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या आठवणींत १९०१ सालचा एक प्रसंग लिहून ठेवला आहे. ते आणि बरोबरची मुलं वडिलांकडे निघाली होती. मसूर स्टेशनवर उतरली, पण घ्यायला कोणी आलं नव्हतं. स्टेशनमास्तरला मुलांची काळजी वाटली. चांगले कपडे घातलेली मुलं, त्याला ती ब्राह्मणाची वाटली. त्यानं विचारलं, तुम्ही कोण? लहानग्या भीमरावानं क्षणाचाही विचार न करता खरी जात सांगितली. मास्तरचा चेहरा बदलला आणि तो निघून गेला. पुढे गाडीवान मिळेनात. शेवटी एक तयार झाला, तो दुप्पट भाड्यावर, आणि गाडी मुलांनीच हाकायची, तो स्वतः शेजारून चालणार, या अटीवर. वाटेत मुलांना प्यायला पाणी मिळालं नाही.

प्रश्न तीन अक्षरांचासुद्धा नाही : कोण? आणि उत्तर देणारा नऊ-दहा वर्षांचा मुलगा. आता त्या मुलाला आपण म्हणणार आहोत का, की बाळा, चार रीती असतात, हा प्रश्न ठपनीय आहे, तू तो बाजूला ठेवायला हवा होतास?

इथे माझ्या आजच्या व्याख्यानाचा मुद्दा येतो. प्रश्न बाजूला ठेवायलाही ताकद लागते. बुद्धांना ते शक्य होतं. सत्तरी ओलांडलेल्या, पेन्शन घेणाऱ्या माझ्यासारख्या माणसालाही शक्य आहे. मला कोणी आडनाव खोदून विचारलं, तर ‘ते राहू द्या, चहा घेणार का?’ म्हणून मी विषय बदलू शकतो. माझं काही बिघडत नाही. पण ट्रंक घेऊन दारात उभ्या असलेल्या मुलाला रात्री झोपायला जागा हवी आहे. तो प्रश्न बाजूला ठेवेल, तर त्यालाच बाजूला ठेवलं जाईल.

मग तो प्रश्न कोणी बाजूला ठेवायचा? जे तिथे हजर असतात आणि ज्यांचं काही जाणार नसतं, त्यांनी. म्हणजे आपण. सोसायटीच्या मीटिंगमध्ये ‘नवीन भाडेकरू कोण लोक आहेत?’ असं कोणी विचारलं की ‘मेन्टेनन्स वेळेवर देतात, अजून काय हवं?’ असं म्हणायला आपल्याला कोणी अडवलेलं नाही. ज्याला विचारलं त्याच्यावर उत्तराचा भार टाकून आपण चहा पीत बसतो, ही खरी अडचण आहे.

एक प्रश्न आणि त्याचं उत्तर

(श्रोत्यांपैकी एका ताईंचा प्रश्न : ‘सर, आपण गाव, आडनाव ओळख काढायलाही विचारतो. माणूस परगावी भेटला की बरं वाटतं. प्रत्येक वेळी त्यात वाईट कशाला शोधायचं?’)

बरोबर आहे तुमचं. मस्कतला किंवा भोपाळला एखादा मराठी बोलणारा भेटला, आणि ‘कुठले तुम्ही?’ विचारल्यावर आपल्याच तालुक्यातला निघाला, तर आनंद होतोच. तो प्रश्न खणात टाकायला विचारलेला नसतो, जवळ यायला विचारलेला असतो. तसंच शिष्यवृत्तीच्या अर्जावर जात विचारतात. तिथेही शब्द तेच, पण प्रयोजन झालेला अन्याय भरून काढण्याचं. म्हणून मी सुरुवातीपासून शब्दांवर बोट ठेवत नाही, प्रयोजनावर ठेवतोय.

स्वतःला तपासायला एक साधी कसोटी सांगतो. प्रश्न विचारण्याआधी मनात म्हणा : याचं उत्तर अमुक आलं, तर माझ्या वागण्यात काय फरक पडेल? तमुक आलं, तर काय पडेल? काहीच फरक पडणार नसेल, तर गप्पांत विचारा, खुशाल विचारा. पण एका उत्तरानं तुम्ही खुर्ची पुढे सरकवणार असाल आणि दुसऱ्यानं मागे घेणार असाल, तर तो प्रश्न तोंडातच ठेवा. तिथे समोरच्याच्या उत्तरापेक्षा आपली खुर्ची तपासायची गरज आहे.

वेळ संपली आहे. पुढच्या वेळी आपण छल या विषयावर बोलू, म्हणजे समोरच्याच्या शब्दाचा मुद्दाम भलता अर्थ कसा घेतात त्यावर.